शून्य ते दहा

आमच्या घरात एक नियम होता आणि तो मीच घातलेला होता. पेपर कसा गेला असं कुणी विचारलं, तर "बरा गेला" एवढंच म्हणायचं. सगळी उत्तरं मैत्रिणींशी ताडून बघून झालेली असोत, एकही चूक सापडलेली नसो, तरी "छान गेला" हे शब्द तोंडातून निघता कामा नयेत. झाकली मूठ सव्वा लाखाची.

हा नियम २००१ सालच्या जून महिन्यातला. बारावीचा निकाल लागायच्या आधी मी बार्शीतल्या आमच्या गल्लीत सगळ्यांना सांगून बसलो होतो की, नव्वदच्या खाली काही येत नाही. वडिलांनी माझ्या शब्दावर भगवंताच्या देवळात पेढे ठेवले आणि आदल्या दिवशीच गल्लीत वाटूनही टाकले. बाजारात तुरी म्हणतात, तसला प्रकार. दुसऱ्या दिवशी हातात पडले एकसष्ट टक्के. शेजारच्या मुलाला अठ्ठावन्न पडले, तो नापास होण्याची तयारी करून बसला होता, त्यामुळे त्यांच्या दारात रात्री बँड वाजायचा तेवढा बाकी होता. वडील मला एक शब्द बोलले नाहीत. फक्त पुढचा महिनाभर ते देवळाचा रस्ता सोडून लांबच्या रस्त्यानं कामावर जात राहिले. बोलले असते तर बरं झालं असतं.

एकसष्टवाला रडतो आणि अठ्ठावन्नवाला नाचतो, याचा हिशेब काय? हा प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. पुढे मी संख्याशास्त्राचा प्राध्यापक झालो, बालाघाट विद्यापीठाच्या एका महाविद्यालयात लागलो आणि २०१९ साली त्या प्रश्नाच्या मागे हात धुऊन लागलो.

पद्धत साधी होती. शेवटचा पेपर झाला की पदवीच्या मुलांना एक चिठ्ठी द्यायची. किती टक्के पडतील असं वाटतं, ते लिहा आणि पाकीट बंद करा. निकाल लागला की दुसरी चिठ्ठी: निकालावर किती समाधानी आहात, शून्य ते दहा. त्यानंतर दरवर्षी, निकालाच्याच तारखेला, प्रत्येकाला एक फोन. "गेल्या वर्षाचा विचार करता तुम्ही आयुष्यात किती समाधानी आहात? शून्य ते दहा." बस्स. पहिलं पाकीट मी स्वतःचं ठेवलं, अपेक्षा नव्वद, पडले एकसष्ट. अभ्यासातला सहभागी क्रमांक एक म्हणजे मी, दयानंद सुरवसे. माझी तारीख होती बारा जून.

सुरुवातीची काही वर्षं फोन मीच करायचो. लोक फार प्रेमानं बोलायचे. बाळू धस म्हणून माझा एक विद्यार्थी होता, त्यानं पुढे गॅरेज टाकलं. दरवर्षी त्याचं एकच उत्तर. "आठ लिवा की सर. तुमच्या आशीर्वादानं बरं चाललंय." एका वर्षी मला नंतर कळलं की, फोनच्या पंधरा दिवस आधी त्याचा धाकटा भाऊ अपघातात गेला होता. मी चकित झालो. माणसाचं समाधान इतकं पक्कं असतं, बाहेरच्या घडामोडींनी ते हलत नाही, असं मी माझ्या शोधनिबंधात लिहिलं. तळटीपेत बाळूचं उदाहरणही दिलं, नाव न घेता.

वीस वर्षांनी अकरा हजार मुलांचे आकडे जमा झाले आणि त्यातून जे निघालं, त्यामुळे मला देशभरातून आमंत्रणं आली. नुसत्या गुणांचा आणि पुढच्या सुखाचा संबंध जवळजवळ नव्हता. पंच्याऐंशीवाले आणि पंचावन्नवाले पंधरा वर्षांनी सारखेच सुखी, सारखेच दुःखी. संबंध होता तो फरकाशी. अपेक्षा किती होती आणि पडले किती, यांतल्या फरकाशी. हे मेंदूशास्त्राला धरूनच होतं. आपल्या मेंदूतल्या काही पेशी मिळालेल्या वस्तूला दाद देत नाहीत. अपेक्षेपेक्षा किती जास्त किंवा कमी मिळालं, त्याला देतात. बिनसाखरेच्या चहाची तयारी ठेवली आणि गोड निघाला, तर तोच चहा अमृत लागतो.

माझ्या आलेखात या फरकाचं एक टेकाड दिसायचं. अपेक्षेपेक्षा तीन टक्के जास्त मिळालेली मुलं सर्वात सुखी. कमी मिळालेली दुःखी, हे कुणीही सांगेल. पण अपेक्षेपेक्षा वीस-वीस टक्के जास्त मिळालेली मुलंही पुढे खालीच घसरलेली दिसत होती. मी त्याचा अर्थ असा लावला की, एकदा घबाड मिळालं की माणूस जन्मभर पुढच्या घबाडाची वाट बघत बसतो. अर्थ सुबक होता. माणसाला सुबक अर्थ सापडला की तो दुसरा शोधत नाही.

*

नचिकेत ढोबळे हा माझाच विद्यार्थी. हुशार, नम्र, अजूनही मला बघून खुर्चीतून उठणारा. तो विद्यापीठाच्या परीक्षा विभागात संगणकप्रमुख झाला आणि त्यानं माझ्या टेकाडाचं यंत्र केलं. नाव ठेवलं 'गुणमेळ'.

पूर्वी आपल्याकडे ग्रेस मार्क असायचे, काठावरच्या पोराला दोन-तीन गुणांचा धक्का देऊन पलीकडे ढकलायचं. गुणमेळ म्हणजे त्याचाच शास्त्रशुद्ध अवतार. शेवटच्या पेपरानंतर प्रत्येक मुलानं 'अपेक्षापत्र' भरायचं. यंत्र त्याचे मूळ गुण आणि अपेक्षा शेजारी ठेवायचं आणि निकाल अपेक्षेच्या वर तीन टक्क्यांकडे सरकवायचं. जास्तीत जास्त आठ टक्के, वर किंवा खाली. परीक्षा विभागाच्या यादीत प्रत्येकापुढे दहा वर्षांनंतरच्या समाधानाचा अंदाज छापून यायचा, दशांश चिन्हासकट. निकालावर काहीतरी संस्कार होतात, एवढं लोकांना ठाऊक होतं. नेमके काय, ते नव्हतं. ते कळलं असतं तर पोरांनी अपेक्षापत्रात नाही नाही ते आकडे भरले असते. म्हणून विद्यापीठानं नेमलेल्या गुणमेळ समितीतल्या आम्हा पाच जणांकडून गोपनीयतेचं प्रतिज्ञापत्र घेतलं होतं.

समितीत एकदाच वाद झाला. नचिकेतचं म्हणणं होतं की, मुलं आता पाटीवर इलेक्ट्रॉनिक पेनानं पेपर लिहितात, तर पेन कुठे अडखळलं, कुठे सरसर चाललं, यावरूनच त्यांचा आत्मविश्वास मोजू. मी ठाम विरोध केला.

"मुलांच्या मनात असं चोरून डोकावायचं नाही," मी म्हणालो. "त्यांना विचारा. त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवा."

"पण सर, कुणी खोटा आकडा टाकला तर?"

"फुगवून लिहिलं तर आधीच्या सत्रांच्या गुणांशी ताडून बाद कर. बाकी कोण खोटं लिहील?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. कमी लिहिणारं कुणी असेल, हे त्या खोलीत एकाच्याही मनात आलं नाही. माझ्याही नाही. दिव्याखाली अंधार असतो म्हणतात, इथे तर दिवाच मी होतो.

पहिल्या वर्षी कला आणि वाणिज्यला यंत्र लावलं. त्याआधी दरवर्षी निकालाच्या आठवड्यात आमच्या विद्यापीठातली सहा-सात मुलं जीव द्यायची. त्या वर्षी त्या दोन शाखांत एकही गेलं नाही. त्या आठवड्यात मी रोज सकाळी भीतभीत वर्तमानपत्र उघडत होतो आणि आठव्या दिवशी मी चक्क रडलो. दुसऱ्या वर्षी, २०४१ साली, विज्ञान शाखेची पाळी आली. माझी मुलगी शाल्मली त्या वर्षी भूशास्त्राच्या शेवटच्या वर्गात होती.

*

शाल्मलीला पाणी शोधायचं होतं. लहानपणी नव्या विहिरीवर कुणी सुरुंग लावला की ही तिथे हजर, आणि येताना फ्रॉकमध्ये दगड. बालाघाटच्या डोंगरात लाव्हाचे थर एकावर एक बसलेत, पाणी थरात नसतं, दोन थरांच्या सांध्यात असतं, हे तिनं मला दहावीत असताना समजावून सांगितलं होतं. पुण्याच्या एका संस्थेत भूजलाचा अभ्यासक्रम होता. तिथे पदवीला पंचाहत्तर टक्के लागत. चौऱ्याहत्तर पूर्णांक नऊ चालत नसत.

शेवटचा पेपर देऊन ती आली तेव्हा मी ओसरीवर बसलो होतो. चेहरा असा उजळलेला की विचारायची गरजच नव्हती.

"कसा गेला?"

"बरा गेला, बाबा."

मला तिचं कौतुक वाटलं. आतून सुचिता, माझी बायको, म्हणाली, "अगं, जरा मोकळेपणी सांग की. घरातच तर आहेस."

"निकाल लागल्यावर बोलू आई," असं म्हणून शाल्मली हातपाय धुवायला गेली. जाता जाता म्हणाली, "आज एक फॉर्म पण भरून घेतला. किती पडतील वाटतं म्हणून."

माझ्या जिभेवर आलं होतं, काय लिहिलंस? पण प्रतिज्ञापत्र होतं. आणि मनात म्हटलं, लिहिलं असेल खरंच. यंत्रापुढे कशाला कोण विनय दाखवेल?

निकाल लागला, एकाहत्तर पूर्णांक सहा.

ती रडली नाही. मोबाइल उपडा ठेवला आणि म्हणाली, "बरे आहेत." सुचितानं साखर ठेवली तिच्या हातावर. शाल्मलीनं ती खाल्ली, मग आत जाऊन सगळी पुस्तकं पुठ्ठ्याच्या खोक्यात भरली आणि खोकं माळ्यावर टाकलं. दुपारभर भांड्यांच्या कपाटाची आवराआवर करत राहिली, एरवी त्या कपाटाला तिनं कधी हात लावला नव्हता. तिनं पुनर्मूल्यांकनाचा अर्ज केला, आठ दिवसांत उत्तर आलं, 'बदल नाही.'

नवव्या दिवशी मी विद्यापीठात गेलो. नचिकेत उठून उभा राहिला.

"सर, तुम्ही येणार हे मला माहीत होतं. बघू नये खरं तर, पण बघितलं मी." त्यानं पडदा माझ्याकडे वळवला. "शाल्मलीचे मूळ गुण एकोणऐंशी पूर्णांक सहा."

"आणि अपेक्षा?"

"अठ्ठावन्न."

मी खुर्चीत बसलो. अठ्ठावन्न. यंत्राच्या दृष्टीनं तिला एकवीस टक्क्यांचं घबाड लागत होतं. माझ्या टेकाडाच्या उतारावरून ती घसरू नये म्हणून यंत्रानं तिला खाली ओढली होती, जितकं ओढता येतं तितकं, पुरते आठ टक्के.

"तिनं खोटं लिहिलंय," मी म्हणालो. "म्हणजे खोटं नाही. आमच्याकडे पद्धत आहे. आपल्या तोंडानं सांगायचं नाही."

"सर, तसं लेखी द्यावं लागेल तिला. आणि अपेक्षापत्रात जाणूनबुजून चुकीचा आकडा म्हणजे गैरप्रकार. नियम आपणच केलाय. सगळी परीक्षा रद्द, वर दोन वर्षं बंदी."

"दुसरा काही मार्ग?"

तो खाली बघत म्हणाला, "तुम्ही समितीला सांगू शकता. की आपल्याकडची मुलं अपेक्षा खरी सांगतच नाहीत. पण मग सर, जुन्या पाकिटांचं काय? ती पण याच घरांतली मुलं होती. वीस वर्षांचा अभ्यासच जातो. यंत्र बंद होईल. आणि यंदा तिन्ही शाखांत, सर, एकही मूल गेलं नाही. एकही."

त्यानं हळूच पडद्यावरची शेवटची ओळ दाखवली. "आणि हे बघा. शाल्मलीचा दहा वर्षांनंतरचा अंदाज, आठ पूर्णांक एक. पुण्याला गेली असती तर सात पूर्णांक चार होता. ती इथेच जास्त सुखी राहील सर. हे तुमचंच सूत्र सांगतंय."

त्या दिवशी मी घरी गेलो तो चपला न काढताच थेट स्वयंपाकघरात. सुचिता ओरडली तेव्हा भानावर आलो. शाल्मली ओट्यापाशी उभी होती. तिनं माझ्या पायांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"काय झालं, बाबा?"

"काही नाही. उन्हाचा आलोय."

मी समितीला काही सांगितलं नाही. त्या मुलांसाठी गप्प बसलो, असं मी स्वतःला बजावलं आणि ते खोटं नव्हतं. पण पूर्ण खरंही नव्हतं. पुढच्याच महिन्यात माझा सत्कार होता. शाल, श्रीफळ, राज्यभर गुणमेळ लागू करण्याची घोषणा. ज्या माणसाच्या वडिलांनी त्याच्यापायी महिनाभर रस्ता बदलला, त्याला वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी मिळणारे हार सोडवत नाहीत. सत्काराला शाल्मली पहिल्या रांगेत बसली होती. तिनं टाळ्या वाजवल्या.

*

सहा वर्षं गेली. मी निवृत्त झालो. फोन करायला आता माणसं लागत नव्हती, एक यांत्रिक बाईचा आवाज सगळ्यांना फोन करायचा. शाल्मलीला शेजारच्या जिल्ह्यातल्या एका तालुका कार्यालयात नोकरी लागली होती, टँकर विभागात. कोणत्या गावाला कोणत्या दिवशी किती खेपा, हे ती ठरवायची. पाणी शोधायचं राहिलं, वाटायचं काम मिळालं. खोली घेऊन एकटीच राहायची. लग्नाचा विषय काढला की "बघू" म्हणायची. फोनवर सुचितानं विचारलं की उत्तर ठरलेलं, "बरं चाललंय."

मे महिन्यात नचिकेतचा फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता.

"सर, सांगू नये पण सांगतो. शाल्मलीचा यंदाचाही आकडा आठ. सहा वर्षं सलग आठ. अंदाज होता आठ पूर्णांक एक. तुमचं सूत्र घरातच सिद्ध झालं की."

मी फोन ठेवला. सलग आठ. बाळू धसही सलग आठ होता. भाऊ जाऊन पंधरा दिवस झाले होते तेव्हाही आठ. मला एकदम त्याचा आवाज आठवला, "तुमच्या आशीर्वादानं." गुरुजींनी प्रेमानं फोन करून विचारलं, कसं चाललंय, तर त्यांना कोण सांगणार की सर, भाऊ गेला, घरात आई खात नाही, मला जगावंसं वाटत नाही?

दुसऱ्या दिवशी एसटी पकडून मी शाल्मलीच्या कार्यालयात गेलो. भर दुपार होती. आवारात टँकर रांगेनं उभे होते आणि खिडकीशी दोन गावांची माणसं भांडत होती. ती भांडण मिटवून आली, मला पाणी दिलं, समोर बसली. केसांत पांढरं दिसू लागलं होतं. सत्ताविसाव्या वर्षी.

"न कळवता आलात, बाबा. आई बरी आहे ना?"

"बरी आहे. शालू, तुला एक विचारायचंय. तू दरवर्षी फोनवर आठ सांगतेस."

ती हसली. "ते गुपित असतं ना?"

"असतं. ते आठ खरं आहे का?"

तिनं टेबलावरचे कागद सारखे केले. बाहेर एका टँकरचं इंजिन सुरू झालं.

"माझे मूळ गुण किती होते, बाबा?"

मी हातातला पेला टेबलावर ठेवला.

"आदर्श उत्तरं जाहीर झाली तेव्हा मी माझे सगळे पेपर तपासले होते. एकोणऐंशी की ऐंशी, एवढाच प्रश्न होता. तुम्ही विद्यापीठात गेलात आणि चपला घालून स्वयंपाकघरात आलात. तेव्हा मला कळलं की तुम्हालाही कळलंय."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले." तिचा आवाज अजिबात चढला नाही. "पहिलं वर्ष तर रोज वाटायचं, आज सांगतील. नुसतं एवढं म्हणाला असता की, शालू, तुला पंचाहत्तरच्या वर पडले होते, तुझं काही चुकलं नव्हतं, तरी चाललं असतं मला. पुण्याचं मी सोडून दिलं होतं."

मला सांगायचं होतं की त्या वर्षी एकही मूल गेलं नाही. वाक्य तयार होतं, सहा वर्षं घोटलेलं. तिच्यासमोर ते तोंडातून बाहेर येईना.

"एकोणऐंशी पूर्णांक सहा," मी म्हणालो.

तिनं मान हलवली. डोळे भरून आले होते, पण तिनं ते पुसले नाहीत, नुसती खिडकीबाहेर बघत राहिली. मलाही रडू आलं आणि ते मी आवरलं. समोर कारकून बसला होता.

"आणि समाधानाचा खरा आकडा?" मी विचारलं.

"चार," ती म्हणाली. "उन्हाळ्यात तीन."

"फोनवर का नाही सांगत?"

"कुणाला सांगायचं, बाबा? त्या बाईला? चारचौघांत रडगाणं गाऊ नये, हे पण तुम्हीच शिकवलंत. चांगलं झालं तर सांगायचं नाही, वाईट झालं तर सांगायचं नाही. मग आठ उरतं."

खिडकीशी पुन्हा कुणीतरी आलं. ती उठली. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "जेवून जा. डबा दोघांना पुरेल."

*

परतीच्या एसटीत मी ठरवलं. समितीला पत्र लिहायचं. अपेक्षा खोट्या आहेत, हे लिहायचं; आणि त्याहून मोठं म्हणजे समाधानाचे आकडेही खोटे आहेत. अकरा हजार माणसांतल्या कित्येकांचा आठ हा आकडा म्हणजे सुख नव्हतंच, ती आमची रीत होती. निकालाच्या आठवड्यात मुलं वाचतात हे खरं आहे, ते यंत्रानं केलं आहे आणि त्याचा विचार नीट करावा लागेल. पण वाचलेल्या मुलांचं पुढे काय होतं, हे आपल्याला ठाऊक नाही. आपण त्यांना विचारलं आणि त्यांनी आपला मान राखला.

पत्राचे चार खर्डे केले. प्रत्येक वेळी नचिकेतचा प्रश्न आधीच ऐकू यायचा, "सर, पुरावा काय?" शाल्मलीचं नाव मी घेणार नव्हतो, तिची नोकरी त्याच पदवीवर होती. मग उपाय सुचला. सहभागी क्रमांक एक. बारा जूनला माझा स्वतःचा फोन येणार होता. गेली अठ्ठावीस वर्षं मीही आठच सांगत आलो होतो. यंदा खरा आकडा सांगायचा. अभ्यासातला तो पहिला खरा आकडा असेल आणि पत्र त्याच्यापासून सुरू होईल: मी खोटं सांगत होतो, सुरुवात माझ्यापासून करा.

खरा आकडा दोन होता. मी तो आंघोळ करताना मोठ्यानं म्हणून बघितला. फिरायला जाताना म्हटला. दोन. उच्चारायला अगदी सोपा.

बारा जूनला सकाळी दहाला फोन वाजला. मी ओसरीवरच बसलो होतो. समोर सुचिता गवार निवडत बसली होती. टेबलावर पत्राचा पाचवा खर्डा होता, आकड्यापुरती जागा मोकळी सोडलेली.

"नमस्कार, दयानंद सुरवसे. गेल्या वर्षाचा विचार करता आपण आयुष्यात किती समाधानी आहात? शून्य ते दहा."

आवाज गोड होता. सुचितानं मान वर करून बघितलं. चाळीस वर्षांचा संसार, दोन वेळचं जेवण हातात आयतं आलेलं, कपाटात पुरस्कार. तिच्यासमोर दोन म्हणायचं म्हणजे तिला काय वाटेल? शेजारच्या ओसरीवर निवृत्त पोस्टमास्तर वर्तमानपत्र वाचत होते, त्यांनाही ऐकू गेलं असतं.

"आपलं उत्तर ऐकू आलं नाही," बाई म्हणाली. "कृपया पुन्हा सांगा."

मी पत्रावरून नजर काढली.

"आठ," मी म्हणालो. "बरं चाललंय."

"धन्यवाद," ती म्हणाली. सुचिता हसली आणि पुन्हा गवार निवडू लागली.